बुजगावण्याला घातलेला रामराम

मु. उंद्री,
कार्तिक वद्य पंचमी, सन १९६३

धाड गावचे आमचे थोरले मेहुणे मोतीरामभाऊ यांना उकंडचा वाकून रामराम. (निदान पत्रातला तरी ठेवून घ्यावा, परतीच्या टपालाने धाडू नये.) इकडे मी आणि म्हैस खुशाल. तुमचा गुडघा, सासूबाई मंजुळाबाईंचा खोकला आणि नवी बैलजोडी यांची खुशाली कळवावी. रुख्मिणी दिवाळीला म्हणून तुमच्याकडे आली ती तिथेच आहे, तेव्हा तिचीही कळवावी, पण जरा सविस्तर.

तुमचा निरोप आमच्या गावच्या गोजरबाईने धाडच्या बाजारातून आणला आणि माझ्या दारात न सांगता थेट विहिरीवर सांगितला, त्यामुळे गावात तो सगळ्यांत शेवटी मला कळला. "ज्याले सोयऱ्याचा रामराम घ्याची लाज वाट्टे, त्याच्या घरी मी बहीन धाडत नाही." भाऊ, तुमचा राग वाजवी आहे. खामगावची एसटी इंजिनात पाणी घालायला आमच्या फाट्यावर थांबली, तुम्ही दुखरा गुडघा घेऊन खाली उतरलात, किसनरावांच्या बांधावर उभे राहिलात आणि ज्वारीतल्या माणसाला रामराम घातलात. तो गप्प. पुन्हा घातलात, तरी गप्प. मग चिवड्याची पुडी उंच धरून दाखवलीत, तरी पठ्ठ्या दोन्ही हात पसरून जागचा हलला नाही, आणि कंडक्टरसकट सगळी गाडी हसली. फेटा माझाच गुलाबी होता. कोट लग्नात तुम्हीच दिलेला काळा होता. फक्त आत मी नव्हतो. तुम्ही बुजगावण्याला रामराम घातलात.

आता हे असं का झालं ते ऐका. किसनरावांच्या ज्वारीची राखण मी कैक वर्षं केली हे तुम्हाला ठाऊक आहे. शेतातल्या उंच माळ्यावर उभं राहायचं, गोफण फिरवायची आणि असं काही ओरडायचं की चिमण्या तर सोडाच, रस्त्यावरचे सायकलवालेही खाली उतरायचे. (रुख्मिणी तुम्ही माझ्या पदरात घातलीत तेव्हा माझ्या आवाजाचं कौतुक तुम्हीच केलं होतं.) यंदा दाणा भरायला लागला आणि खामगावहून पुंजाजी नावाचा ठेकेदार उगवला. त्याने पंचक्रोशीतल्या सगळ्या शेतांची राखण अंगावर घेतली. शेतोशेती बुजगावणं, आणि देखरेखीला हा एकटा सायकलवर. किसनरावांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "उकंड्या, तुयावर माहा राग नाही बे. पन बुजगावनं बिडी पेत नाही, जेवाले जात नाही, अन् झोपतही नाही." मी म्हटलं, ते ओरडतही नाही. तर म्हणाले, तेवढीच कानाला विश्रांती.

इथवरही मी सोसलं असतं. पण पुंजाजीचं बुजगावणं उभं राहिलं आणि पाखरं त्याच्याच खांद्यावर बसून ज्वारी सोलायला लागली. तेव्हा पुंजाजी माझ्या घरी आला. म्हणाला, इथली पाखरं तुमच्या कपड्यांना ओळखतात, तेवढे द्या. मी द्यायला नको होते, भाऊ. पण तोवर मी इतका रिकामा होतो की कोणी काहीही मागितलं तरी मला बरं वाटायचं. शिवाय मनात म्हटलं, आपली नाही तर निदान कोटाची तरी नोकरी टिकू दे. दुसऱ्या दिवसापासून शेतात एक पाखरू उतरलं नाही. मला एकाच वेळी अभिमान वाटला आणि रडूही आलं.

घरी बसून माझे काय हाल झाले ते विचारू नका. पहाटे डोळा उघडतो आणि तोंडातून आपोआप आरोळी जाते. म्हैस आटत चालली आहे. परवा शेजारच्या अन्नपूर्णाबाईंनी अंगणात दाणे वाळत घातले, त्यावर दोन चिमण्या बसल्या, आणि मी सवयीने असा गरजलो की बाईंच्या डोक्यावरची घागर त्यांच्याच सुनेच्या अंगावर रिकामी झाली. आता दोघी माझ्याशी बोलत नाहीत आणि एकमेकींशीही बोलत नाहीत. भाकरीचं तर बोलायलाच नको. मी थापलेली भाकर म्हैससुद्धा आधी हुंगते आणि मग माझ्याकडे बघते.

तरी भाऊ, माझी काही तक्रार नाही. रिकामपणात माणूस शहाणा होतो असं मला हल्ली वाटू लागलं आहे. नोकरी नाही याची लाजही राहिली नाही. तुम्ही एकदा येऊन ते बुजगावणं जवळून बघावं, त्याच्या मडक्यावर काजळाने काढलेल्या मिशा बघाव्यात आणि मन साफ करावं. सासूबाईंना साष्टांग नमस्कार.

तुमचा,
उकंड

ता. क. शहाणपणाचं वर लिहिलं आहे ते वाचू नये. रुख्मिणीला धाडून द्या. घरात तिच्यावाचून करमत नाही, आणि ओरडलो तर "काऊन वरडता हो?" असं विचारणारं कोणी नाही.

ता. क. दुसरा. परवा पाकीट चिकटवणार तोच पुंजाजी धापा टाकत आला. बुजगावण्यात कडबा भरला होता, तो किसनरावांच्याच बैलाने कोटाच्या डाव्या बाहीसकट खाल्ला. किसनराव रोज सकाळी बांधावर येतात, त्यांना कळलं तर ठेका जाईल. म्हणून पुंजाजीने मला कामावर ठेवलं आहे. माझाच फेटा, माझाच कोट, मडक्याऐवजी काजळ फासलेलं माझंच तोंड, तेच शेत. अट एकच, हलायचं नाही. काल किसनराव समोर उभे राहून पुंजाजीला म्हणाले, "पाह्य, कसं उभं हाय. उकंड्या असता तं झोपला असता." नाकावर माशी होती, तरी मी हूं की चूं केलं नाही.

ता. क. तिसरा. तेव्हा रुख्मिणीला घेऊन याल तर फाट्यावर मला रामराम घालू नका. या खेपेला तो मीच असेन आणि मला घेता येणार नाही. खिडकीत ती दिसली तर मात्र माझ्या हाताचा भरवसा नाही, आणि हात हलला की नोकरी गेली. म्हणून तिला म्हणावं, फाटा येईल तेव्हा तोंडावर पदर घेऊन बस.

ता. क. चौथा. नको, तसं सांगू नका. तिला खिडकीशीच बसवा.