आईच्या रांजणातलं

प्रिय ताई,

चार दिवस झाले, फोनवर तुझं नाव दिसलं की मी तो पालथा घालते. उचलला तर तोंडातून काय निघेल याचा मला भरवसा नाही. म्हणून लिहितेय, लिहिलेलं निदान खोडता येतं. तीन कागद टराटरा फाडले, हा चौथा. आधीच सांगते, मी तुझ्यावर भयंकर चिडलेय. नुसती चिडले असते तर भांडून मोकळी झाले असते. पण हे भांडणाच्या पलीकडचं आहे, आणि ते तुझ्याकडून व्हावं याचं मला रडू येतं.

माझ्या दान्बीचा आजार तुला तोंडपाठ आहे. गहू किंवा जव, चिमूटभर जरी पोटात गेले तरी पोरीचं आतडं आतून सोलवटतं. दोन वर्षं डॉक्टर म्हणत होते अभ्यासाचा ताण आहे, या वयाच्या मुली अशाच बारीक असतात. मग गेल्या वर्षी सोलच्या मोठ्या इस्पितळात निदान झालं, तेव्हा मी पहिला फोन तुला केला होता. त्या दिवसापासून घरात गव्हाचा कण नाही. बाजारच्या सोया सॉसमध्ये गहू असतो, म्हणून तोही फेकला, तू देतेस तो आईच्या रांजणातला घरचा तेवढा ठेवला. तरी पोरगी सुधारेना. दर तपासणीला डॉक्टरीणबाई माझ्याकडे रोखून बघत आणि म्हणत, कुठेतरी चोरून खाणं चाललंय. मीही तेच धरून बसले.

आईच्या स्मृतिदिनाला तुझ्याकडे यायचं ठरलं, तेव्हा खरं तर मला धास्तीच होती. तिला घेऊन प्रवास म्हणजे काय असतं ते तुला कळणार नाही. स्टेशनवरच्या दुकानात भाताच्या त्रिकोणांचे गठ्ठे, आणि एकूण एक सॉसमध्ये बुडवलेले. ही आपली उभी राहून मागचं बारीक अक्षर वाचते, ठेवते, दुसरा उचलते, ठेवते. शेवटी आम्ही दोघी घरून नेलेली उकडलेली अंडी आणि रताळी सोलत बसलो. जन्जूला उतरलो, तिथे तिला काय काय चालत नाही ते छापून घेतलेलं कार्ड मी खाणावळीतल्या बाईंपुढे धरलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाल्या, "अगं, तिखटाच्या चटणीशिवाय भाजी-भात कालवून बिबिम्बाप होतो का? त्यापेक्षा घरीच भात खायचा होता की! थोड्याने काही होत नाही, बघ कशी काडी झालीय पोर." आणि प्रेमाने पाण्याचा जग आणून ठेवला. जवाचं पाणी! मी म्हटलं, यात जव आहेत. तर म्हणाल्या, "जव कुठले? हे पाणी आहे." दान्बी माझी बाही ओढत होती, "आई, ते कार्ड आत ठेव ना, सगळे बघतायत." शेवटी तिने मीठ आणि तिळाचं तेल घालून भात खाल्ला, मान खाली घालून. मी तिला म्हटलं, उद्या बघ, मोठ्या मावशीकडे पोटभर जेवशील.

कारण तू फोनवर काय म्हणाली होतीस, ते शब्द माझ्या कानात आहेत. "आईच्या रांजणात सोयाबीन, मीठ आणि पाणी. चौथं काय असणार? बिनधास्त घेऊन ये पोरीला." सगळ्या जगात हे एक घर होतं, ताई, जिथे मला कार्ड काढावं लागणार नव्हतं.

आणि तू मांडलंसही तसंच. सगळ्यांना परतायचं म्हणून दुपारीच पानं घेतलीस. सॉसमध्ये मुरवून शिजवलेल्या बरगड्या, नेच्याची भाजी, मुळ्याचं सार. दान्बीच्या वाटीत स्वतःच्या हाताने मोठा तुकडा घालून म्हणालीस, "खा गं बाळा, तुझ्या आजीच्या हाताची चव आहे." पोरगी तीनदा भात घेऊन जेवली. तिला तसं हावरटासारखं जेवताना मी वर्षभरात बघितलं नव्हतं. मी स्वयंपाकघरात भांडी घासायच्या निमित्ताने जाऊन डोळे पुसले. निघताना तू नेहमीसारखी काळी बाटली दिलीस, "आईच्या रांजणातलं," म्हणालीस, आणि मी ती शालीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसले.

तासाभरात बसमध्ये ती पांढरीफटक पडली. थांब्यावर उतरून उलट्या सुरू. आणि मी काय केलं माहितेय? तिथेच, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर तिची पिशवी उपडी केली. "काय खाल्लंस? माझ्या नजरेआड कुठे खाल्लंस?" पिशवीतून निघाली अंड्याची टरफलं आणि रताळ्याची सालं, तीही तिने कागदात नीट बांधलेली. मी तिला खोटारडी म्हणाले. ती खाली वाकून सालं पुन्हा कागदात बांधत होती.

पुढचे अकरा दिवस तिने सार खाल्लं नाही की भाजी. नुसता भात आणि मीठ. मी ओरडले, नखरे म्हटले, तिचा बाबा ओरडला. शेवटी चार दिवसांपूर्वी मी तुझ्या बाटलीतला सॉस घालून वाफवलेलं अंडं जबरदस्तीने तिच्यापुढे सरकवलं, तेव्हा तिने फोन माझ्यापुढे धरला. फोटो होता. तुझ्या अंगणात रांजणांच्या मागचा, बाजारच्या सोया सॉसचा पिवळा प्लास्टिकचा कॅन. लेबलवर तिसरंच नाव गव्हाचं.

मग सगळं बाहेर आलं. बाटली भरायला तू तिला सोबत घेऊन गेलीस, ती कॅनकडे बघत उभी राहिली आणि तू तिचा गाल ओढून म्हणालीस, "आईला सांगू नकोस हं, तिला वाईट वाटेल." तीन वर्षांपूर्वी मुलाकडे उल्सानला राहायला गेलीस, आईच्या रांजणाचं झाकण उघडं राहिलं, पावसाचं पाणी शिरलं, सगळं नासलं, हेही तूच तिला सांगितलंस. तीन वर्षं, ताई! म्हणजे ज्या बाटलीवर मी डोळे मिटून विश्वास ठेवला, तीच वर्षभर माझ्या पोरीचं आतडं सोलत होती. रांजण नासल्याचं तू सांगितलं असतंस तर आपण दोघी गळ्यात पडून रडलो असतो. मी तुला एका शब्दाने बोलले नसते. तुला थोरल्या लेकीचा मान सोडवला नाही, आणि तो सांभाळायला तू पंधरा वर्षांच्या पोरीकडून शब्द घेतलास. तिने तो पाळला. मी तिला थांब्यावर खोटारडी म्हणत होते तेव्हासुद्धा पाळला. मी तिची माफी मागितली, पण तिच्या डोळ्याला डोळा देता येत नाही.

बाटली धुऊन या पत्रासोबत पाठवलीय. सगळ्या नातेवाइकांना तू स्वतः सांग, मी सांगणार नाही. खरं तर हे पत्रही मी लिहिणार नव्हते. पण काल दान्बीने बाजारातून सोयाबीनचं पोतं ओढत आणलं आणि म्हणाली, "आई, आपण आजीचा रांजण करू. मला लेबल नसलेलं काहीतरी खायचंय." आणि मला काही येत नाही, ताई. मी अठराव्या वर्षी सोलला आले, आईजवळ उभी राहून तू शिकलीस. सोयाबीन किती वेळ शिजवायचं, ते कुटून केलेले गोळे किती दिवस टांगायचे, मिठाच्या पाण्यात अंडं सोडल्यावर ते किती वर दिसायला हवं, नाण्याएवढं की कमी, हे आता जगात फक्त तुला माहीत आहे. तुझ्याशिवाय मला विचारायला कुणी नाही, याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो. सगळं लिहून पाठव. जे आठवत नसेल तिथे आठवत नाही असं लिही. माझी पोर ते खाणार आहे, एवढं तरी खरं लिही.

अजून तुझीच,
उन्सुक