प्रॉम्प्टरचा डावा कान

१४ नोव्हेंबर, वडसा
नाटकांचा सीझन सुरू. गावोगावी स्टेजपुढे खड्डा खणतात, त्यात बसून मी नटांना संवाद पुरवतो. मॅनेजर वहाबभाऊ म्हणाले, देवाजीभाऊ, हळू बोला, पब्लिकले डायलॉग दोनदा ऐकू येते. हिरोईन चंचल म्हणे, काका, माह्या आधी तुमच्याच रडण्याले टाळ्या पडून राह्यल्या. आजकालच्या नटांचे आवाजच बारीक! माझा डावा कान जरा विश्रांती घेतो, एवढंच.

२ डिसेंबर
खड्ड्यात उतरताना गरगरलं, पडलो. पब्लिक खूश. बायको बायनाबाई म्हणे, नागपूरले चला. ठणकावलं : होळीनंतर.

३ डिसेंबर, नागपूर
एमआरआय झाला. डॉक्टर फरहत मॅडम म्हणाल्या, आतल्या कानाच्या नसेवर गाठ आहे. साधीच, पण वाढली की ऐकणं जाईल. आत्ता काढली तर ऐकणं वाचवायचा प्रयत्न करू, खात्री नाही. मी निर्भय. फक्त पाणी मागितलं. दोनदा.

१० डिसेंबर
संकल्प : ऑपरेशनपर्यंत मौन. कान जितका कमी वापरू तितका शिल्लक राहील. सकाळी चहात साखर नव्हती. मौन उद्यापासून.

१८ डिसेंबर
उद्या ऑपरेशन. मॅडमना म्हटलं, मी जागाच राहतो, चुकलं तर सांगतो. त्या हसल्या. म्हणे, पूर्ण भूल देणार. कानात टिकटिक वाजवत राहू, नस उत्तर देते का ते एक माणूस मशीनवर बघेल. उत्तर मंदावलं की तो सांगेल, मी हात थांबवीन.
म्हणजे डॉक्टरलाही प्रॉम्प्टर लागतो! जीव भांड्यात पडला. त्या माणसाला गाठून बजावलं, भाऊ, हळू सांगजो, पण सांगजो.
एरवी उजव्या कानाशी बसणारी बायनाबाई आज डाव्या बाजूनं बसली. काऊन, विचारलं. म्हणे, असंच.

२७ डिसेंबर
टेस्ट झाली. कान वाचला! किंचित कमी, पण वाचला. बायनाबाई रडली. कानाच्या ऑपरेशननं डोळ्याला पाणी येतंच, असं माझ्या डोळ्यांबद्दल मी तिला समजावलं.
कंपनी माझ्यावाचून अडली असणार.

९ फेब्रुवारी
आज पुन्हा खड्ड्यात. आवाज असा मुलायम, की मलाच कौतुक. पहिल्या अंकात कोणी खाली पाहिलं नाही. दुसऱ्यातही नाही. तिसऱ्यात चंचल थांबली, मी सरसावलो. तिचा तो पॉज होता.
नंतर वहाबभाऊ चहा घेऊन आले. हळूच म्हणाले, भाऊ, तुमच्या आवाजाच्या धाकानं सगळ्याईनं नाटक पाठ करून टाकलं. पुढच्या गावापासून खड्डा खणत नाई.
दोन्ही कानांनी स्पष्ट ऐकू आलं.