खुंटावरचे अकरा कोंब

४ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

आमच्या दवाखान्यामागचं ते जुनं देशी झाड नव्या इमारतीसाठी पाडणार आहेत. आसपास त्या जातीचं दुसरं नाही. बिया गोळा केल्या तर सगळ्या पोकळ. म्हणून शेंड्याच्या फांद्यांच्या वीस काड्या लावल्या आणि दहाव्या दिवशी पालवी फुटली! जुन्या झाडाची काडी लागत नाही म्हणता ना? औषधांच्या खिडकीत बसून मी मनातल्या मनात नाचतेय.

तुमची लाडकी (तुम्ही नाही म्हणालात तरी) भाची,
ठमी

१२ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

पालवीवर भाळू नकोस. काडी अंगात साठलेलं खाऊन पालवते, मुळं नसली की मान टाकते. चाळीस वर्षं रोपवाटिका चालवली, पण या झाडानं मला दाद दिली नाही. आणि खरं सांग, रोज उपटून बघतेस ना? तुझी आईही दर दोन मिनिटांनी पातेल्याचं झाकण काढायची. वेळेवर जेवत जा.

तुझा मामा

३ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

बघत होते उपटून, कबूल. वीसच्या वीस वाळल्या. आणि काल मी खिडकीत असताना झाड पाडलं. आई शेवटच्या आजारात इथेच दवाखान्यात होती तेव्हा आपण दोघं त्याच सावलीत बसायचो. म्हणून एवढा हट्ट. आता नुसता खुंट उरलाय, तोही ठेकेदार पंधरा दिवसांत उकरणार. मी हरलेले नाही, पण पुढे काय करायचं ते सुचत नाही. लगेच कळवा.

ठमी

७ मार्च

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

खुंट उकरू देऊ नकोस. झाड कितीही म्हातारं असो, खुंटावरचे कोंब कोवळे असतात आणि ते मुळं धरतात, असं माझे गुरू सांगायचे. मी करून पाहिलं नाही. उभं झाड तोडायला मन धजावलं नाही. कोंब वीतभर झाले की सकाळी काप, ओल्या वाळूत लाव. मग कुंडीला हात लावलास तर याद राख.

तुझा मामा

२५ जून

ती. मामास,
सा. न. वि. वि.

दीड महिना दुपारचा डबा त्या खुंटावर बसून खाल्ला. ठेकेदारानंच शेवटी हात टेकले. म्हणाला, बाईंचं जेवण आटपू दे, मग खुंट काढू. अकरा कोंब मिळाले. कुंड्या नर्सबाईंच्या खोलीत खिडकीशी ठेवल्या आणि किल्ली त्यांच्याकडेच राहू दिली, कारण माझा माझ्यावर भरवसा नव्हता. पाणीही त्यांनीच घातलं.

आठ गेले. आज सकाळी त्यांनी मला बोलावून उरलेल्या तीन कुंड्या उचलून दाखवल्या. तळाच्या भोकांतून पांढरी मुळं बाहेर आली आहेत. मामा, मी एकही काडी उपटली नाही.

त्यातलं एक तुमचं. पाठवणार नाही, स्वतः येऊन न्या. माझ्यावरचा लोभ थोडा या तिघांनाही द्यावा.

तुमची,
ठमी