नकाशात पेडगावच निघणार

९ ऑक्टोबर १९९०, सकाळी
मी कडूबाई, शांत बाई. कुसुम, नात माझी, सांगते तसंच लिही. लेक नर्मदाचा पोरगा मुंजाजी हिवतापाच्या गोळ्या खाऊन पिवळा पडला. लघवी काळ्या चहावानी. पेडगावहून सरजाबाई विहीण आली. म्हणली, तुमच्या चुडाव्याचं रक्तच नासकं, ठिवून घ्या तुमची नर्मदा. मी हात उचलला न्हाई. तिचा अंबाडाच माझ्या मुठीत आला.

१२ ऑक्टोबर
पोरगं वाचलं. डॉक्टरीण म्हणली, रक्तात साखरेवर काम करणारं एक एन्झाइम त्याला कमी हाय, त्या गोळ्या आता जन्मात नको. ते बनवायचा हुकूम एका धाग्यावर असतो, जीन म्हणतेत. शहाण्या लोकांनी तो कापून जंतूंच्या पोटात वाढवलाय. म्हंजे विरजण लावल्यागत! धाग्यावर कुठं बसलाय, त्याचा नकाशाबी केलाय. आता सगळ्यांचं रक्त तपासून खोट कुणाची ते सांगणार.
नकाशात पेडगावच निघणार. लिहून ठेव.
आजपासून हाणामारी बंद.

२० ऑक्टोबर
परभणीला रक्त दिलं. विहीण सुईला भ्याली, म्हणून मदत केली. छातीवर बसले. ती कडकडून चावली. मी निस्तं कपाळ हाणलं. हात कुठं वापरला? सिस्टर रडायली. तिथंच पैज लागली. जिच्या घरची खोट, तिनं चुडाव्याच्या स्टेशनावर वहाणेचा मार खायचा. पेडगावची निघाली तर नर्मदाला मानानं न्यायचं.

३ मार्च १९९१
वहाणेला नाल मारून घेतली. पोत्यावर सराव. पोतं फाटलं. जावई भगवानराव समजूत घालायला मधी आले. कानाला टाके पडले. चूक त्यांची.

११ एप्रिल
रिपोर्ट आला. तो धागा पोराला आईकडूनच येतो म्हणं. बापाकडून येतच न्हाई. नर्मदाला माझ्याकडून गेला. पेडगावचं रक्त चोख.
मी म्हणले, मशीन बिघडली असंल. डॉक्टरीण म्हणली, दोनदा तपासलंय.

१४ एप्रिल, दुपारी
स्टेशनावर गेले. नालाची वहाण काढून विहिणीच्या हातात दिली. डोकं वाकवलं. तिनं नाल बघितली, वहाण खाली ठेवली. म्हणली, कडूबाई, घाला पायात, फरशी तापलीय. नर्मदाचं गाठोडं उचललं, तिला अन् मुंजाजीला पुढं घातलं अन् गाडीत बसली.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं मारलं न्हाई.
लय लागलं.