प्रवीणच्या हद्दीतली खांड

प्रिय आत्या,

उद्या कोजागिरीचं उधाण आणि बांधाला पडलेली खांड अजून तशीच उघडी आहे. गेल्या अमावास्येला तिथूनच खाडीचं पाणी शेतात आलं. घमेलं-फावडं घेऊन निघाले होते, ते बाजूला ठेवून तुला लिहायला बसलेय. आणखी कुणाशी बोलू?

आठवडाभर बोईसरला कारखान्यात उभं राहायचं, सुट्टीच्या दिवशी सफाळ्याला उतरून खाडीवर चिखल तुडवायचा. दमले गं!

तू गेलीस आणि तुझं शेत निम्मं मला आलं, निम्मं मोठ्या काकांच्या प्रवीणला. त्यानं लगेच तारेचं कुंपण घातलं. पाटीसुद्धा लावली, परवानगीशिवाय आत येऊ नये. खाडीला कुठे वाचता येतं!

आत ज्याचं खाचर, त्यानं बांधाचा आपला तुकडा लिंपायचा, ही आपली रीत. वैशाखात मी त्याला फोन केला, तर "बघू" म्हणाला. माझा तुकडा मी लिंपला. त्याच्या तुकड्यात खेकड्यांनी बिळं केली आणि उधाणाला माणूस आडवा झोपेल एवढी खांड पडली. भात नुकतं निसवत होतं. त्याचं खाचर बुडालंच, खारं पाणी लागून माझाही कडेचा पट्टा लाल पडला. वरच्या शेतांवर तर भराव घालून प्लॉट झालेत. आपली ही दोनच खाचरं उरली आहेत.

मी खांड बुजवायला गेले, तर प्रवीण कुंपणाशी उभा.

"माजी जमीन हाय. बांद बांदीन नायतर नाय बांदीन, तुला काय? आत पाय ठेवायचा नाय."

"अरे, माझं भात जळतंय!"

"मंग तुजे बाजूला दुसरा बांद घाल."

तूही हक्कासाठी भांडली होतीस ना? लेकीला कशाला जमीन, म्हणून बाबा आणि काका कितीतरी दिवस तुझ्याशी बोलत नव्हते. शेवटी दिली ती खाडीलगतची, खोलगट. कंटाळून सोडून देशील असं त्यांना वाटलं असणार. तू पदर खोचून म्हणालीस, "वाटा माजा, मंग बांदपन माजाच." मला तेव्हा तुझा केवढा अभिमान वाटला होता!

पण एक विचारू? रागावू नकोस. वरच्या शेतांपायी काकांच्या वाट्याला आलेला बांधाचा तुकडा तू का लिंपत होतीस? आणि बाबांचा? ते दोघं ओटीवर चहा पीत बसायचे आणि तू डोक्यावर चिखलाची टोपली घेऊन भरतीआधी धावायचीस. मी कुरकुर केली की म्हणायचीस, "जाव दे गो, कोन बोलवील त्यांना!" प्रवीण हे बघतच मोठा झाला. जमीन वाट्याला येते एवढं त्याला कळलं. बांधही येतो, हे तू त्याला कळूच दिलं नाहीस. ती तुझी माया होती, मला ठाऊक आहे. पण आता तिचाच राग येतो, आणि राग आला की रडू येतं.

तू असतीस तर एव्हाना कुंपणाखालून वाकून गेली असतीस आणि गुपचूप खांड बुजवून आली असतीस. माझेही हात शिवशिवतायत. कणसात दाणा भरतोय गं. आणखी एक उधाण आत आलं तर काही राहणार नाही.

तरीही तुला शब्द देते. माझ्या तुकड्यातून खाडीचा थेंब आत येऊ देणार नाही. आणि प्रवीणच्या खांडीला एकटीनं हात लावणार नाही. आत्ता त्याच्या दारात जाऊन बसते. तो चिखलात उतरला तर त्याच्या बरोबरीनं घमेली वाहीन. नाही उतरला, तर उद्या माझं भात डोळ्यांदेखत जाऊ देईन, आत्या.

तुझी भाची,
वैजू