नव्वद सेकंदांतला दुसरा आवाज

गंगापूर रोड, नाशिक
१४ जून २०२५

चि. ज्ञानेश,

अनेक आशीर्वाद. मंगळवार, १० जून, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी तुझ्या सिन्नरच्या कारखान्याने एका गुणी मुलीवर अन्याय केला. सूनबाई रूपालीची पाठ कशी आहे? शेकते ना ती?

मुलगी म्हणजे तेजस्विनी, मला रोज फुलं देणाऱ्या देवरामची लेक. तुमच्याकडे माल तपासणीच्या जागेसाठी तिने अर्ज केला होता. घरी इंटरनेट धड चालत नाही, म्हणून मुलाखत माझ्या बैठकीच्या खोलीतून दिली. समोर माणूसच नाही! पडद्यावर प्रश्न उमटतो आणि नव्वद सेकंदांत कॅमेऱ्याला उत्तर द्यायचं. पासपोर्टचा फोटो काढणारासुद्धा 'मान जरा वर करा' म्हणतो रे.

विमा कचेरीत मी बत्तीस वर्षं माणसं निवडली. आम्ही तिघं टेबलापलीकडे बसायचो. आम्हीही संत नव्हतो. मुलींना 'लग्न कधी?' विचारायचो, मीसुद्धा. पण घाबरलेल्याला 'पाणी घे, सावकाश सांग' म्हणणारं कुणीतरी असायचं.

तेजस्विनीची तयारी तू बघायला हवी होतीस. तासभर आधी आली. घरघरतो म्हणून पंखा बंद केला. "आजी, कुकर नंतर लावाल?" असं विचारून माझ्या स्वयंपाकालाही सुट्टी दिली. दारावर कागद चिकटवला: मुलाखत सुरू आहे.

शेवटचा प्रश्न होता: माल सदोष आहे, गाडी भरून तयार आहे, साहेब म्हणतात जाऊ दे. तुम्ही काय कराल? ती विचार करत गप्प राहिली. वीस सेकंद. तीस. मग तिचं उत्तर आलं, "गाडी थांबवीन. ओरडा बसेल, तो खाईन."

असं उत्तर मला बत्तीस वर्षांत कुणी दिलं नाही. आणि तुमच्या यंत्राने शेरा मारला: खोलीत दुसरी व्यक्ती, उमेदवार बाद.

दुपारी तुमच्या कचेरीतून फोन आला, कोण होतं म्हणून. ती म्हणाली, "चूक माझी, सर. दार मी नीट लावलं नव्हतं."

दार तिने नीट लावलं होतं. ते मी उघडलं. कॉन्व्हेंटात सिस्टरने विचारलं की उत्तर तत्काळ द्यावं लागे, नाहीतर हातावर पट्टी. सत्तरीतही ती खोड गेली नाही. तिचं गप्प बसणं मला सोसेना. "अगं बोल ना, मुकी झालीस का?" हा आवाज माझा आहे. फोन आला तेव्हा मी समोरच शेंगा निवडत होते. ती माझ्यासाठी खोटं बोलली आणि मी शेंगा निवडत राहिले. ती गेल्यावरही चार दिवस मी तुला फोन केला नाही.

वशिला नको. तिला समोर बसवा, माणसांनी प्रश्न विचारावेत, विचार करायला वेळ द्या. मग नापास केलंत तरी मी चकार शब्द काढणार नाही. हे पत्र तिच्या अर्जाला जोड आणि तुझ्या साहेबांना दाखव. आत्याची लाज वाटली तर वाटू दे.

लेखी उत्तर हवं, तारखेसह आणि सहीसह, शनिवार २१ जून, संध्याकाळी पाचच्या आत. 'बघतो, आत्या' चालणार नाही.

त्या दुसऱ्या आवाजाची धनीण,
तुझी विमलआत्या