अमरचा स्विच

४ एप्रिल २०२५, शुक्रवार

आमचा जुना नेटवर्क स्विच परत बंद पडला. भर दुपारी, ओपीडी गच्च भरलेली असताना. केसपेपर निघेनात, एक्स-रे उघडेनात, आणि आयसीयूत सिस्टरच्या टेबलावरचा मोठा पडदा काळा. सगळ्या बेडचे ठोके त्या एका पडद्यावर दिसतात. तो गेला की सिस्टर बेडाबेडाला पळतात. आजही पळाल्या. कुणाला काही झालं नाही. पुढच्या वेळचं सांगता येत नाही.

मी सर्व्हर रूममध्ये गुडघ्यांवर बसून वायरी काढतेय, घालतेय, आणि मागं फारुखभाई टॉर्च धरून उभे. हॉस्पिटलची वीज, जनरेटर, एसी सगळं त्यांच्याकडं; कॉम्प्युटरचं जाळं माझ्याकडं. म्हणाले, "निकिता मॅडम, ह्याची उमर झाली. आता सोडा ह्याला." किती दिवस तेच म्हणतेय मी. कुणी ऐकलं तर ना.

आज ऐकलं. संध्याकाळी भीमाशंकर सरांनी केबिनमध्ये बोलावलं. प्रशासक असले तरी आवाज चढवत नाहीत, आज तर फारच हळू बोलत होते. "तीन कंपन्यांचे स्विच मागवा. आपल्या खोलीत, आपल्या उन्हाळ्यात चालवून बघा. चांगला कोणता ते तुम्ही लिहून द्या. ट्रस्टींपुढं मी ठेवतो."

तुम्ही लिहून द्या. म्हणजे उद्या काही झालं तरी तुम्हीच.

६ एप्रिल, रविवार

बेंबळीला आईकडं. तिनं विचारलं, असं काय बंद पडतंय सारखं? म्हटलं, आई, चौकात हवालदार असतो बघ. कुणाची गाडी कुठं जायची ते हात करून दाखवतो. तो चक्कर येऊन पडला की चौक तुंबला. आमच्याकडं तो हवालदार म्हणजे एक लोखंडी पेटी. आता दोन ठेवायच्यात. एक पडली की दुसरीनं त्याच क्षणी काम उचलायचं.

आई म्हणाली, "मग अमरला का विचारीनास? त्यो तसल्याच वस्तू इकतोय की आता."

मी भाकरीकडं बघत राहिले. अमर माझा धाकटा भाऊ. एकाच गावात राहतो आम्ही, बसस्टँडजवळ त्याचं दुकान, आणि भेट होते ती दिवाळीला, तीही आईच्या घरी. पुण्यातली नोकरी मी लावून दिली होती. ती त्यानं मला न सांगता सोडली. तेव्हापासून बोलणं आहे, पण नसल्यासारखं.

कॅमेरे बसवतो एवढंच मला माहीत होतं. स्विच विकतो हे आज कळलं.

१५ एप्रिल, मंगळवार

तिन्ही खोकी आली, प्रत्येकात दोन-दोन स्विच. एक मोठ्या कंपनीचं. जाहिराती सगळीकडं, त्यांचा इंजिनिअर महांतप्पा सोलापूरहून स्वतः घेऊन आला. दुसरं एक काळं, स्वस्तातलं. तिसरं फारसं नाव नसलेल्या कंपनीचं. पावतीवर विक्रेता म्हणून सही — अमरसिंह. मला एक फोन नाही, काही नाही.

तशीच उठून सरांकडं गेले. म्हटलं, सर, तिसरा विक्रेता माझा सख्खा भाऊ आहे. हे काम दुसऱ्या कुणाला द्या. सर म्हणाले, "दुसरं कोण आहे? गाव एवढंसं. मला माहीत होतं. तुम्ही येऊन सांगितलंत ना, झालं. फक्त रिपोर्ट असा करा, की कुणाला बोट ठेवता येऊ नये."

पाठ दुखतेय. खोकी मीच उचलली ना.

१७ एप्रिल, गुरुवार

एसी मुद्दाम बंद ठेवून तिन्ही चालवले. आपल्याकडं एसी कधी बंद पडेल ह्याचा नेम नाही, मग स्विचनं ते सोसायला हवं. दार लावून बसले. घामानं ओढणी पिळून काढावी अशी. दुपारपर्यंत काळ्या पेटीनं मान टाकली. आधी एक तार बंद, मग चार, मग सगळंच. तो स्विच बाद.

उरले दोन. मोठ्या कंपनीचा आणि अमरचा.

२१ एप्रिल, सोमवार

आज खरी परीक्षा. प्रत्येक कंपनीचे दोन-दोन जोडून ठेवले. आयसीयूतलं जुनं मॉनिटर आणलं, त्याचा चिमटा फारुखभाईंच्या बोटाला लावला, आणि त्यांचे ठोके ह्या स्विचमधून पलीकडच्या पडद्यावर आणले. खऱ्या पेशंटवर कसं बघणार.

मोठ्या कंपनीचा आधी. एकाची वायर उपटली. पडदा काळा. दुसऱ्यानं काम घेतलं, घेतलं नाही असं नाही, पण तोवर मी तीनदा श्वास घेतला. फारुखभाई म्हणाले, "एवढा वेळ मी मेलेलो होतो व्हय?" हसले. मला हसू आलं नाही.

मग अमरचा. वायर उपटली. पडद्यावर ठोके तसेच. मला वाटलं चुकीची वायर ओढली. परत बघितलं. बरोबर होती.

२२ एप्रिल, मंगळवार

परत केलं. तेच.

२४ एप्रिल, गुरुवार

लिहायला लाज वाटतेय, पण इथं कोण वाचतंय. अमरचा बंद पडावा म्हणून मी वाट बघतेय.

बंद पडला तर सगळं सोपं. मोठ्या कंपनीचं नाव लिहायचं, मोकळं व्हायचं. उद्या तो बिघडला तरी कुणी म्हणणार नाही की निकितानं काय आणलं. मोठं नाव आहे, सगळे तेच घेतात. अमरचा चांगला आहे म्हणून लिहिलं की मी भावाची बहीण.

आज त्याच्यावर दुप्पट माल सोडला. सगळ्या फाइली, सगळे स्कॅन एकदम. पंखे भुंगे घुमावेत तसे घुमले. वीज घालवली, आणली, परत घालवली. फारुखभाई गुमान चिमटा लावून बसलेले. शेवटी म्हणाले, "मॅडम, त्या दुसऱ्याला असं नाही छळलं तुम्ही. हा सावत्र आहे का?"

मी म्हटलं, सख्खा आहे, म्हणूनच.

मग मोठ्या कंपनीच्यालाही तेवढंच छळलं. न्याय म्हणजे न्याय. त्याचा पडदा प्रत्येक वेळी गेला. महांतप्पाला फोन लावला, म्हटलं तुम्ही येऊन जुळवा, माझं काही चुकत असेल. तो येतो म्हणालाय.

२७ एप्रिल, रविवार

लातूरच्या नोकरीवरून हे सुट्टीला आलेले, जेवण झालं, आणि दारात अमर. हातात कलिंगड. माझ्या ह्या घरी पहिल्यांदाच आला. हे म्हणाले, या या, आणि कलिंगड घेऊन आत गेले. मुद्दाम.

बसला. इकडं तिकडं बघितलं. मग म्हणाला, "ताई, मी तुला सांगितलं असतं तर तू माझं खोकं आतच घेतलं नसतं."

मी म्हटलं, घेतलं नसतं. खरंय.

"म्हणून नाही सांगितलं." रुमालानं मान पुसली. "आतापर्यंत कॅमेरेच लावले मी. ढोकीला लावले, तामलवाडीला लावले. लोक म्हणतात अमर कॅमेरेवाला. ह्या हॉस्पिटलात माझं काम लागलं, तर जिल्ह्यातलं दुसरं हॉस्पिटल मला दारात तरी उभं करील."

मी विचारलं, मग मी काय लिहावं असं तुझं म्हणणं?

"जे दिसलं ते लिही. तू तसं पण दुसरं काही लिहायची नाहीस."

कसा दिसला ते मी सांगितलं नाही. त्यानंही विचारलं नाही. जाताना चप्पल घालत म्हणाला, "केस पांढरे झाले की ग तुझे." मी म्हटलं, तुझं पोट बघ. एवढंच. पण बरं वाटलं.

३० एप्रिल, बुधवार

महांतप्पा येऊन गेला. सज्जन माणूस. दिवसभर जुळवणी केली त्यानं. पडदा जातोच, फक्त थोडा कमी वेळ जातो. निघताना म्हणाला, "मॅडम, ऑफिससाठी आमचं मशीन एक नंबर. आयसीयूचं तुम्ही बघून ठरवा." स्वतःच्या मालाबद्दल एवढं बोलणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला.

रिपोर्ट लिहिला. पहिल्या ओळीत लिहिलं की तिसरा विक्रेता माझा भाऊ आहे. शेवटच्या ओळीत लिहिलं की आयसीयूसाठी त्याचाच स्विच योग्य आहे. मधली पानं कुणी वाचणार नाही.

डोकं जड झालंय. गोळी घेतली.

५ मे, सोमवार

ट्रस्टींची बैठक. अपेक्षेप्रमाणं. एक जण म्हणाले, "एवढ्या मोठ्या कंपनीपेक्षा ह्यांच्या भावाचं भारी?" दुसरे नुसते हसले. त्या हसण्यापेक्षा शिवी बरी. सर टेबलाकडं बघत होते.

मी म्हटलं, खाली चला. तुम्ही स्वतः वायर ओढा.

हणमंतप्पा अण्णा सगळ्यांत वयस्कर. तुळजापूरला कापडाचं दुकान, गुडघे गेलेले. तेच पहिले उठले. सगळी वरात सर्व्हर रूममध्ये. फारुखभाईंनी सवयीनं बोट पुढं केलं. अण्णांनी मोठ्या कंपनीची वायर ओढली. पडदा काळा. आला. मग अमरची ओढली. ठोके चालूच. त्यांनी वायर हातात धरूनच पडद्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"आता पोरी, मला एकच सांग. ह्यो तुझा भाऊ नसता, तर तू काय लिवलं असतंस?"

"हेच. पण चार दिवस आधी लिहिलं असतं, अण्णा."

अण्णा म्हणाले, "मग घ्या की हेच. माझी मालकीण गेल्या साली वरच हुती, आयशूत. त्या पडद्याकडं बघत बसायचो मी. त्यो जाऊन चालत न्हाय."

मंजूर.

जिन्यात येऊन पायरीवर बसले. एवढं थकल्यावर आनंद पण धड होत नाही.

११ मे, रविवार

बेंबळीला सगळे. आईनं शेंगोळे केले होते. अमर, मी, हे, एका पंगतीत. आई वाढताना दोघांकडं आळीपाळीनं बघत होती, आणि डोळे पुसायचं कारण म्हणून चुलीला नावं ठेवत होती. आता गॅसच आहे तिच्याकडं.

अमर फारसा बोलला नाही. मी म्हटलं, काय रे, काम मिळालं तर तोंड बारीक? म्हणाला, उन्हाचा त्रास होतोय. जेवला पण कमी. त्याच्या ताटातलं शेंगोळं मी लहानपणासारखं उचलून खाल्लं, तर माझ्याकडं असा बघत राहिला, की मलाच कसंतरी झालं.

असो. मला आज शांत वाटतंय. किती दिवसांनी.

१९ मे, सोमवार

जुना एकदाचा जाणार म्हणून सिस्टर विचारून विचारून जातायत. पुढच्या सोमवारी माल येतोय, म्हटलं. एवढा आठवडा देवानं काढून द्यावा.

२६ मे, सोमवार

सकाळी खोकी आली. मी कात्री घेऊन बसले तेवढ्यात अमर दारात. दुकानातून तसाच धावत आलेला. म्हणाला, "ताई, उघडू नको."

मग भिंतीला टेकून, खाली बघत सांगितलं. एकानं टाकलेलं काम दुसऱ्यानं क्षणात उचलायचं, ही सोय ह्या मशीनमध्ये आपोआप नसते. तिचा परवाना वेगळा घ्यावा लागतो. बघायला दिलेल्या मशीनला कंपनीनं तो चालू करून पाठवला होता. ह्या खोक्यातल्यांना नाही. ह्यांचा पडदा त्या मोठ्या कंपनीसारखाच जाणार, कदाचित जास्त वेळ.

मी विचारलं, ऑर्डर देताना मी तुला फोनवर विचारलं होतं ना, दिलेल्या दरात सगळं आलं का? व्हय म्हणालास.

"म्हणालो."

"तुला कधी कळलं?"

"पहिल्यापासून माहीत होतं. वाटलं होतं, एकदा काम लागलं की मागनं परवाना बसवून देईन. कंपनी आता तो फुकट द्यायला ऐकत नाही."

मदतीला आलेले फारुखभाई बाहेर निघून गेले. मी कात्री ठेवली, उठले, आणि सरांच्या केबिनकडं चालायला लागले. तो मागून आला. मी ये म्हटलं नव्हतं.

आत गेल्यावर मी तोंड उघडायच्या आधी तोच बोलला. "सर, ह्यात ताईला काही माहीत नव्हतं."